धुक्याचं शेपूट

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धुकं उठायला हवं होतं. ते उठलं नाही.

राजवाड्याच्या सगळ्यात वरच्या खोलीत त्या वेळी तिघं होती. थोरली राजकन्या बाह्या कोपरापर्यंत सारून चाकासमोरच्या स्टुलावर बसली होती. धाकटी खिडकीच्या चौकटीला टेकून उभी होती. आणि दोघींच्या मधोमध, एका हातात खिशातलं घड्याळ आणि दुसऱ्या हातात वही घेऊन, घड्याळजी. खिडकीबाहेर धुकं काठोकाठ भरलं होतं, पातेल्यात दूध भरावं तसं, आणि हलत नव्हतं.

"सात अकरा," घड्याळजी म्हणाले.

"मला कळतंय, काका," थोरली म्हणाली.

"तुम्हाला कळतंय. वहीला कळत नाही." त्यांनी लिहून घेतलं.

त्या शहरात धुकं आपलं आपण विरत नसे. पहाटे ते नदीतून निघे, पुलावरून चालत येई, गल्लीबोळांत शिरे आणि तिथंच ठाण मांडून बसे. चिवट पाहुण्यासारखं, उठवल्याशिवाय उठत नसे. उठवायचं काम राणीचं. वरच्या खोलीच्या खिडकीत एक लाकडी खुंटी होती आणि तिला धुक्याचाच हातभर दोरा बांधलेला असे. त्याला सगळे शेपूट म्हणत. पहाटेचं नवं धुकं येऊन या शेपटाला चिकटे. मग राणी शेपूट चाकावर घेई आणि चाक फिरवू लागे. अख्ख्या शहराचं धुकं दोरा होऊन खिडकीतून आत येई आणि रिळांवर गुंडाळलं जाई. शेवटचा हातभर दोरा तोडून परत खुंटीला बांधायचा. विरजणासारखंच ते: कालचं थोडं राखलं नाही तर आजचं लागत नाही. भरलेली रिळं डोंगरातल्या फळबागांकडे जात आणि उरलेली उन्हाळ्यात बारा उलटल्यावर गच्चीवरून सोडत, म्हणजे भर दुपारीही रस्त्यांवर सावली. धुकं कुणाच्याही हातात येत नसे, बोटांतून निसटे. ते धरता यायचं फक्त या घरातल्या मुलींना.

आणि घरात मुली दोन होत्या, चाक एक.

गेल्या हिवाळ्यात राणीच्या हातांना कापरं भरलं. चमच्यातलं औषध ओठांपर्यंत जाईना, तिथं दोरा कसला धरता येतोय. मग कारभाऱ्यांनी जुनी रीत काढली: चौदा सकाळी, एक दिवस थोरलीचा, एक धाकटीचा. आठच्या टोलाआधी शहर मोकळं झालंच पाहिजे. जिची एकही सकाळ चुकणार नाही, ती राणी. दुसरी जाणार डोंगरात, बागांवर, रिळं उलगडायच्या कामाला. तिथं जायला तीन दिवस लागत, आणि परत यायची रीत नव्हती. एका शहरात धुकं धरणाऱ्या दोघी असल्या की धुक्याला कुणाचं ऐकावं ते कळत नाही, असं म्हणत. राणीची सख्खी बहीण अशीच गेली होती. तिला जाऊन बावीस वर्षं झाली. दर वर्षी तिच्याकडून एक पेटी फळं येत, चिठ्ठी येत नसे.

बारा सकाळी पार पडल्या होत्या. दोघींच्या सहा-सहा, एकही चुकलेली नाही. आज तेरावी, थोरलीची शेवटची.

धाकटी सोळा वर्षांची होती आणि तिच्या उजव्या बाहीच्या आत, मनगटापाशी, कालचं शेपूट गुंडाळलेलं होतं. खुंटीला होता तो शिवणाच्या पेटीतला पांढरा सुती दोरा.

तिनं हे काल दुपारी केलं होतं, आपली बारावी सकाळ उरकल्यावर. फार विचार करून नव्हे. सकाळभर तिची दमछाक झाली होती. दोरा सारखा निसटत होता, धुकं येईच ना. एक्कावन्न मिनिटं लागली आणि आठला जेमतेम दोन मिनिटं उरली. शेवटी जो दोरा हातात राहिला तो नेहमीच्या निम्माही जाड नव्हता. तिला वाटलं, माझेच हात आता आईसारखे होणार. मग वाटलं, चौदावी काही माझ्याच्यानं होत नाही. मग डोंगर दिसले, तीन दिवसांचा रस्ता दिसला, आणि आईच्या खोलीचं दार दिसलं, बाहेरून. पुढचं बोटांनी केलं. आपली सकाळ चुकणारच असेल तर ताईचीही चुकू दे. बरोबरी झाली की कारभारी नवी रीत काढतील, त्यात महिना जाईल. महिना तरी घरात मिळेल.

दुसऱ्याला अपशकुन करायला आपलंच नाक कापायचा हा प्रकार होता, पण सोळाव्या वर्षी नाक परत उगवेल असं वाटतं.

सात पंचवीसला राणी स्वतः वर आली. शंभर पायऱ्या चढून आल्यानं ती दारात क्षणभर थांबली. मग खिडकीशी गेली, खुंटीवरचा दोरा चिमटीत धरला. तिचं बोट थरथरत होतं, दोरा थरथरला नाही. धुक्याचा दोरा असता तर थरथरला असता.

"सुती आहे," ती म्हणाली.

घड्याळजींनी तेही लिहून घेतलं.

"काल कुणाचा दिवस होता ते सगळ्यांना माहीत आहे," थोरली म्हणाली.

"मी शेपूटच बांधलं होतं!" धाकटी म्हणाली. "नंतर कुणी बदललं, मला काय माहीत? मी काय रात्रभर खुंटीला पहारा देत बसू?"

"बघितलंस आई? हिला कधी काही माहीत नसतं. शेंडेफळ ना."

"आणि तुला सगळं माहीत असतं. मग धुकं का नाही येत ते पण सांग."

"पुरे." राणीनं दोघींकडे पाहिलं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे, अगदी सारखा वेळ. लहानपणापासून ती असंच बघायची. दोघींनी तिला शंभर वेळा विचारलं असेल, कुणाचा हात चांगला? ती म्हणायची, दोन डोळ्यांतला चांगला कुठला ते सांगा, मग मी सांगते. "मी नदीवर जाते. धुकं जिथून निघतं तिथून नवं शेपूट आणता येतं. माझ्या आजीनं एकदा आणलं होतं. तोवर भांडू नका. आणि भांडायचंच असेल तर खिडकी लावून घ्या, खाली ऐकू जातं."

धाकटीनं तोंड उघडलं. बाहीतला दोरा मनगटाला गार लागत होता. पण घड्याळजींची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, ताई रोखून बघत होती, आणि नदी इथून पंधरा मिनिटांवर. आठ-साडेआठपर्यंत आई येईलच परत. तिनं तोंड मिटलं. तोवर राणी तीन पायऱ्या उतरली होती.

सात वाजून चाळीस मिनिटांनी राणी एकटी धुक्यात शिरली. दारावरच्या शिपायानं ती वेळ नंतर सांगितली. तो म्हणाला, आधी पाय गेले, मग पदर, आणि सगळ्यात शेवटी पांढरे केस. पण केस गेले की तिथंच राहिले हे काही नीट कळलं नाही.

आठचे टोल पडले. थोरलीची तेरावी सकाळ चुकली. घड्याळजींनी रकाना रिकामाच ठेवला.

नऊ वाजले. राणी आली नाही.

एरवी त्या वेळी खिडकीतून अख्खं शहर दिसायचं. आज शहराचे फक्त आवाज वर येत होते, तेही उशिरानं आणि चुकीच्या जागेवरून. शाळेची घंटा नदीच्या बाजूनं वाजली. कुणीतरी दुकानाची फळी उघडली ती आभाळात उघडल्यासारखी. पावाचा वास आला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग पाववालीची हाक आली, जणू वास पुढे पाठवून ती मागून चालत निघाली होती. लांबच्या घराचं एक छप्पर वर आलं, होडीसारखं थोडं डुललं आणि पुन्हा बुडालं.

साडेनऊला चार शिपाई कमरेला दोर बांधून राणीला शोधायला गेले. पाऊण तास ते सरळ नाकासमोर चालले. एक दार लागलं, ते त्यांनी ठोठावलं. ते राजवाड्याचंच दार होतं.

"बाराच्या आत यायला हवं," घड्याळजी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

बाराचं काय ते त्या शहरात तान्ह्या पोरांनाही माहीत होतं. धुक्यात ज्याच्यावर बाराचे टोल पडले, तो माणूस उभ्या जागी स्वप्नात जातो. पुलाजवळच्या बाकावर टपालवाला बसलेला होता, राणीच्या आजीच्या काळापासून. हातात पाकीट, ओठांवर जरासं हसू. तो म्हातारा होत नव्हता, जेवत नव्हता, श्वास मात्र घेत होता. पाकिटावरचा पत्ता कधीच उडून गेला होता. ऊन वाढलं की येणारे-जाणारे त्याच्या डोक्यावर छत्री धरून ठेवत. त्या वेळी धुकं उठलं ते बाराच्या टोलानंतर सातच मिनिटांनी.

धाकटी खिडकीतून हलली नव्हती. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता: आता सांगितलं तर काय, आणि न सांगता आई आली तर काय. दर पाच मिनिटांनी ती ठरवत होती की पुढच्या पाच मिनिटांत आई येईल.

दहा वाजून वीस मिनिटांनी झाडलोटवाल्या काकू फडकं घेऊन आल्या. चाकाखाली रोज धुक्याचे तुकडे पडत, ते पुसायचं काम त्यांचं. आज चाकच फिरलं नव्हतं, तरी त्या वाकून पुसत होत्या.

"धाकट्या बाई, बाही गळतीय तुमची."

"पाणी सांडलं."

"सांडलेलं पाणी वाळतं. हे सकाळपासून गळतंय. इथं मी तिसऱ्यांदा पुसतेय." काकूंनी फडकं पिळलं, मान वर न करता त्या चाकाकडे सरकल्या. "आणि थोरल्या बाई, इथं तुमच्या स्टुलाखाली दुसरं तळं आहे. ते तुमच्या गळ्यातून येतंय. मला काय, मी पुसणारी. पण दोघी मिळून एवढं सांडायला काय झालंय, ते एकमेकींना तरी सांगा." फडकं झटकून त्या निघून गेल्या.

धाकटीनं ताईकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. थोरलीची कॉलर छातीपर्यंत भिजलेली होती आणि तिनं ती मुठीत घट्ट धरली होती.

"ताई, तुझ्या गळ्यात काय आहे?"

"तुझ्या बाहीत काय आहे?"

खिडकीबाहेर काहीच हललं नाही. घड्याळजींनी वही मिटली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं.

आईला जाऊन दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. धाकटीनं बाहीत हात घातला आणि मनगटाचा दोरा सोडवला. खोलीतल्या उजेडात तो मलूल दिसला, ओल्या राखेसारखा.

"मीच काढलं. काल दुपारी," ती म्हणाली. "हे झालं माझं सांगून. तू राणी हो. मी जाईन डोंगरात, उद्या जाईन. पण आधी आईला आणू."

थोरलीनं कॉलरचं बटण काढलं. तिच्या गळ्यातल्या गोफाला तसाच एक दोरा गुंडाळलेला होता, वीतभर.

"परवाचं," ती म्हणाली. "माझ्या अकराव्या सकाळचं. अर्धंच खुंटीला ठेवलं, अर्धं काढून घेतलं. म्हटलं, तुझी बारावी चुकेल."

"म्हणून मला एक्कावन्न मिनिटं लागली!"

"लागली, पण तू केलंस. अर्ध्या शेपटावर." थोरली हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मी रात्रभर जागी होते. मला वाटलं, हिनं अर्ध्यावर केलं, मग पूर्ण शेपटावर ही काय करेल."

"आणि मला वाटलं माझे हात गेले."

"मला डोंगर नको होते गं," थोरली म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "मला खुर्ची पण नको. मला इथं राहायचंय. आईचं औषध रात्री मी देते. तू दिलंस तर ती थुंकते."

"थुंकते कारण तू साखर घालून सवय लावलीस!"

"बाईसाहेब," घड्याळजी भिंतीला म्हणाले, "दहा सत्तावीस."

दोन्ही दोरे त्यांनी खिडकीत धरून पाहिले. एकटा कुठलाच चालेना. धुकं जवळ येई, हुंगे आणि मागे सरे. मग धाकटीनं दोन्ही एकत्र धरले आणि पीळ दिला. एक परवाचा, एक कालचा. दोन दिवसांचं धुकं एकमेकाशी जमवून घेईना. सोडलं की पीळ उलटा फिरून सुटे. तिनं पुन्हा पीळ दिला आणि टोक दाताखाली धरून चिमटीत दाबलं. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीतून एक धागा सुटला, अलगद पुढे आला आणि त्या पिळाला चिकटला.

"सोडू नकोस," थोरली म्हणाली.

"सोडतेय कशाला. तू फिरव."

असं ठरलं, म्हणजे ठरवायला वेळच नव्हता. चौदा सकाळी दोरा धरायचं आणि चाक फिरवायचं, अशी जी दोन कामं एकटीनं करायची होती ती दोघींत वाटली गेली. धाकटी खिडकीत गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी पीळ धरून. ती आज खुंटी होती. थोरली चाकावर. थोरलीच्या हातात जोर होता. तिची रिळं लाकडासारखी घट्ट होत, पण गल्ल्यांच्या कोपऱ्यांत धुकं राहून जाई. धाकटीचा हात हळू, पण दोऱ्याला बोट लावलं की तो कुठून येतोय ते तिला कळे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्यांनाच कळत असेल.

दहा चाळीसला चाक फिरू लागलं. सकाळभर साचलेलं धुकं जड झालं होतं. पहिलं रीळ भरायला पंचवीस मिनिटं लागली.

"कुठवर आलं?" थोरलीनं विचारलं.

"पाववालीच्या दारात. ऊब लागतेय."

थोरलीनं मान वळवून पाहिलं. खाली खरंच पाववालीचं दार मोकळं झालं होतं.

"तुला कसं कळलं?"

"बोटाला कळतं."

"मला नाही कळत."

"तू कधी थांबतेस कळायला?"

दुसरं रीळ. शाळेचं कुंपण बोटांखालून गेलं, गजामागून गज. कारंज्याचं पाणी गेलं. एका खिडकीतल्या पाळण्यात धुक्याचा गोळा झोपला होता, तो हलकेच निघाला आणि मूल रडू लागलं. रडणं दोऱ्यावरून वर आलं आणि रिळात गुंडाळलं गेलं. अकरा अठ्ठावीसला पुलाजवळचा बाक आला. टपालवाल्यापाशी दोरा जरा जड झाला, आणि त्याचं स्वप्न धाकटीच्या बोटांना लागलं. तो एक जिना चढत होता. हातातलं पाकीट द्यायचं होतं, दार वरच्या मजल्यावर होतं. प्रत्येक मजल्यावर एक खिडकी, प्रत्येक खिडकीत सकाळ. त्याला घाई नव्हती, आणि म्हणूनच ते भयंकर होतं. धाकटीनं डोळे उघडे ठेवले.

तिसरं रीळ. पूल. पुलावर सात दिवे होते. धुक्यातून एकेक वर आला, पहिला, दुसरा. अकरा सत्तेचाळीस.

आणि मग दोऱ्यात कापरं आलं.

बारीक, भराभर, मध्येच एक ठोका चुकवणारं. धाकटीनं ते हिवाळाभर पाहिलं होतं, चमच्यात, पेल्यात, कपाळावर ठेवलेल्या हातात.

"थांबव!" ती ओरडली. "ताई, चाक थांबव. दोरा आईच्या हातात आहे."

"काय?"

"तिनं दोरा धरलाय. ती त्याला धरून चालतेय. तू ओढलंस तर सुटेल, तिच्या बोटांत जोर नाही."

थोरलीचे हात चाकावरच होते. घामानं केस कपाळाला चिकटले होते. "अजून तेरा मिनिटं आहेत. जोरात फिरवलं तर तेरा मिनिटांत सगळं मोकळं होईल. पूल, नदी, सगळं. मग ती कुठंही असो."

"आणि नाही झालं तर? दोरा तिच्या हातातून गेलेला असेल, आणि ती मध्येच."

"ते आईचंच कापरं कशावरून? खाली नदी आहे. वाहत्या पाण्यावरचं धुकंही थरथरतं."

"मला वाटतंय," धाकटी म्हणाली.

"आज सकाळपासून तू किती वेळा खोटं बोललीस?"

"दोनदा."

थोरलीनं एक श्वास घेतला. "मी तीनदा," ती म्हणाली, आणि तिनं चाक सोडलं.

खोलीत चाकाची घरघर थांबल्यावर घड्याळाचीच टिकटिक उरली. दोरा सैल झाला, खिडकीच्या कठड्यावर वाकला. मग हळूच एक वीत आत आला. थोरलीनं तेवढाच गुंडाळला. पुन्हा एक वीत. चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. म्हाताऱ्या, थकलेल्या, वाट चाचपणाऱ्या माणसाच्या. तिसरा दिवा वर आला.

"असंच," धाकटी म्हणाली. "ती देईल तेवढंच घे."

"घेतेय. बडबडू नकोस, तुझा पीळ सुटेल."

अकरा छप्पन्नला धाकटी मान न वळवता म्हणाली, "काका, तुम्ही टोल नाही दिले तर?"

घड्याळजींनी चष्मा काढला. टोलाची घंटा याच खोलीच्या वर होती, शिडीच्या टोकाला. "मी देत नाही, बाईसाहेब. घड्याळ देतं. मी फक्त ते बरोबर ठेवतो. चाळीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे नाही."

"माहीत आहे."

"धुकं टोल ऐकतं की ऊन बघतं, हे कुणी तपासलेलं नाही."

"तेही माहीत आहे."

घड्याळजींनी खिशातलं घड्याळ वहीवर ठेवलं, वही जमिनीवर ठेवली आणि पेन्सिल कानावर. मग ते शिडी चढले. सत्तर वर्षांच्या माणसाला शोभणार नाही अशा घाईनं चढले. वरून लोखंडाची करकर ऐकू आली, आणि त्यांचा आवाज: "हातोडा धरलाय! किती वेळ धरवेल ते सांगत नाही!"

बारा वाजले. जमिनीवरच्या घड्याळात दोन्ही काटे एकावर एक आले. वर काहीतरी जोरात हिसकलं, घड्याळजी कण्हले, घंटा वाजली नाही.

शहरात जे धुक्याबाहेर आले होते ते रस्त्यात उभे राहून घंटेच्या मनोऱ्याकडे बघू लागले. पाववालीनं हातातली टोपली खाली ठेवली. तिनं जन्मात कधी बाराला अशी शांतता ऐकली नव्हती.

"ताई."

"काय?"

"ती आली की तू सांगशील की मी?"

"तिला माहीत आहे गं," थोरली म्हणाली. "सुती दोरा धरला तेव्हाच कळलंय तिला. दोघींचं. माझी ओली कॉलर पण बघितली तिनं. म्हणून तर आपल्याला इथं ठेवून एकटी गेली."

पीळ धाकटीच्या बोटांना कापत होता. परवाचा दोरा एका बाजूला ओढत होता, कालचा दुसऱ्या. ती दोन्ही धरून होती.

पुढची माहिती एवढी आहे. साडेतीन रिळं भरली. राजवाड्यापासून पुलापर्यंत शहर मोकळं आहे. पुलाच्या सात दिव्यांपैकी चार दिसतात, पाचव्याची काच धुक्यात चमकते आहे. त्यापलीकडे पांढरं. घड्याळजी हातोड्याला लोंबकळून आहेत. बारा वाजून चार मिनिटांनी दोरा आत येणं थांबलं. तो सैल पडलेला नाही. ताठ आहे, पलीकडचं टोक कुणीतरी धरून आहे, आणि मध्येच ठोका चुकवणारं ते कापरं अजून येतं आहे.